लग्नाच्या मांडवामागची ‘सेफ्टी टाकी’

बांधकामावरचा गवंडी असो, सोसायटीचा वॉचमन असो की लॉनचा मॅनेजर, पुण्याच्या आसपास सेप्टिक टँकला सगळे ‘सेफ्टी टाकी’च म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ कुजवणारी टाकी. आपल्या तोंडात बसताना तो असा काही बदलला की कुजण्याचा वास गेला आणि सुरक्षिततेचा दिलासा आला. शेतावरच्या लग्नांमधले निम्मे घोटाळे या दिलाशातून होतात.

तुळशीचं लग्न लागलं की भूगाव, पौड, डोणजे, पानशेत रस्ता या पट्ट्यात मांडव पडू लागतात. पुणेकराला आता शहरातलं कार्यालय नको असतं. मागे डोंगर, समोर धरणाचं पाणी आणि मोकळ्या आभाळाखाली अक्षता असं काहीतरी हवं असतं. मेन्यू ठरवायला घरातले सातजण तीनदा जाऊन जेवून येतात, पण संडास बघायला कोणी जात नाही. भाचीच्या लग्नात मीही गेलो नव्हतो. सहाशे पाहुणे होते, आणि दुसऱ्या पंगतीच्या सुमाराला भांड्यात ओतलेलं पाणी खाली जायच्या ऐवजी वर येऊ लागलं. वॉचमन शांतपणे म्हणाला, “सेफ्टी टाकी भरली, साहेब.” तेव्हापासून या विषयात जरा जास्तच लक्ष घालतो आणि तेच ते समज पुन्हा पुन्हा ऐकतो.

“टाकी मोठी आहे, चालून जाईल.”

सेप्टिक टँक हे साठवणीचं पिंप नव्हे. ती नेहमी भरलेलीच असते, तिची रचनाच तशी आहे. मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी शोषखड्ड्याकडे जातं. निवळायला पाण्याला टाकीत दिवस-दोन दिवस मुक्काम लागतो. जितकं आत येतं तितकंच त्याच क्षणी बाहेर पडतं.

फार्महाउसची टाकी बांधलेली असते पाच-सहा माणसांच्या कुटुंबासाठी. सहाशे पाहुण्यांनी प्रत्येकी दोनदा जाऊन दर वेळी पाच लिटर पाणी वापरलं, तर चार-पाच तासांत सहा हजार लिटर झाले. एवढा लोंढा आला की निवळणं वगैरे काही होत नाही. तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो. जमीन काळी असेल तर ती पाणी पीत नाही आणि ते उलटं वर येतं, आमच्याकडे आलं तसं. जमीन मुरमाड असेल तर काहीच दिसत नाही आणि यजमान खूश होतात. खरी वाईट गोष्ट ही दुसरी. तो मैला मुरमातून, खडकाच्या भेगांतून शेजारच्या विहिरीकडे निघालेला असतो. खडकवासला आणि पानशेतच्या काठावर हे घडलं तर पाहुणेही पुण्याचे आणि पिण्याचं पाणीही पुण्याचंच.

लग्नाच्या आदल्या दिवशी सक्शन गाडी बोलावून टाकी उपसून घेतली तर तेवढी जागा एकदाची मोकळी मिळते. खर्च मांडवातल्या फुलांच्या मानाने किरकोळ. मात्र उपसल्यानंतर वास नको म्हणून आत फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्या रिकाम्या करू नयेत. मैला कुजवणारे जिवाणू त्यात मरतात आणि वास पुढच्या आठवड्यात दुपटीने येतो.

ऐन लग्नात टाकी तुंबली तर? गावातल्या कोणालातरी हजार रुपये देऊन आत उतरवायचं, हा उपाय आजही मॅनेजर सुचवतात. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं हवा सुधारली, आणि पुढच्या दोन श्वासांत तो खाली पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. 2013च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय कोणालाही असं उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारात वा टाकीत मृत्यू झाला तर कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. “लॉन त्यांचं, आमचा काय संबंध” हे म्हणण्याआधी पैसे कोणाच्या खिशातून गेले ते आठवावं. आणि ‘सेफ्टी’ हा शब्दही जरा जपून वापरावा.

“शंभर माणसांमागे एक केबिन पुरते.”

हा आकडा कुठून आला ते कोणी सांगत नाही, पण सगळे ठामपणे सांगतात. मोजायच्या असतात त्या दोन वेगळ्याच गोष्टी, मिनिटं आणि लिटर.

आधी मिनिटं. आपल्या लग्नात गर्दी दिवसभर सारखी नसते. मुहूर्ताआधी एक लाट येते आणि पहिल्या पंगतीनंतर दुसरी, मोठी. समजा तीनशे बायकांपैकी शंभरजणी त्या अर्ध्या तासात निघाल्या. शालू सावरून, पर्स कुठे ठेवू ते शोधून, परत निऱ्या नीट करून बाहेर यायला तीन मिनिटं लागतातच. म्हणजे एका केबिनमध्ये अर्ध्या तासात दहाजणी. पाच केबिन असतील तर पन्नासजणी आटोपल्या आणि पन्नास उन्हात उभ्या. शेवटचीला आणखी अर्धा तास. आठ केबिन केल्या की हाच ताटकळण्याचा वेळ सात-आठ मिनिटांवर येतो. तेवढ्याच पुरुषांना चार मुताऱ्या आणि दोन केबिन पुरून उरतात. तरीही दोन्हीकडे समान संख्या ठेवून ‘बरोबरी’ साधलेली मी कित्येक ठिकाणी पाहिली आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मार्गदर्शिकेत वस्तीतल्या सामुदायिक शौचालयासाठी 35 पुरुषांमागे एक आणि 25 महिलांमागे एक असं प्रमाण दिलेलं आहे. सरकारी कागदाला कळलेली गोष्ट वधूपित्याला कळायला हरकत नाही.

आता लिटर. भाड्याने मिळणाऱ्या प्लास्टिकच्या केबिनखालची टाकी साधारण दोनशे-अडीचशे लिटरची असते. ही मुळात परदेशी चीज. तिकडे कागद वापरतात, पाणी ओतत नाहीत, त्यामुळे टाकीत शरीरातून येईल तेवढंच पडतं आणि ती शेकडो वेळा पुरते. आपण धुतो, मग मगभर ओततो, जेट हातात आला की हात सैल सुटतो. एका खेपेला चार लिटर धरले तर दोनशे लिटरची टाकी पन्नासाव्या माणसाला भरते. तीनशे बायका दोनदा गेल्या तर आठ केबिनमध्ये प्रत्येकी पंचाहत्तर खेपा होतात. म्हणजे लग्न चालू असतानाच टाक्या भरणार. यावर उपाय दोनच आहेत: मधल्या वेळेत सक्शन गाडीची एक फेरी ठरवणं किंवा सगळ्या केबिनना मिळून एक मोठी टाकी जोडून घेणं. केबिन वाढवून मिनिटांचा प्रश्न सुटतो, लिटरचा अर्धवटच.

पुण्याला याचा धडा दूर शोधायला नको. देहू आणि आळंदीहून पालख्या निघतात तेव्हा ‘निर्मल वारी’ उपक्रमात मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं उभी केली जातात आणि वारकऱ्यांना तिकडे वळवायला स्वयंसेवक पहाटेपासून उभे असतात. नुसत्या केबिन ठेवून कोणी जात नाही. पाणी, उजेड आणि माणूस लागतो. लग्नातही तेच. आठ केबिनमागे एक स्वच्छता कर्मचारी पूर्ण वेळ हवा, आणि त्याला पंगतीत जेवायला बसवावं हेही सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी विसरतात.

“बायो-टॉयलेट आणलंय, मैला तिथेच नाहीसा होतो.”

रेल्वेच्या डब्यांमुळे हा शब्द घरोघरी गेला. डीआरडीओच्या बायो-डायजेस्टरमध्ये जिवाणू मैला खरोखर पचवतात, पण त्यांना दिवस लागतात. एका संध्याकाळी हजार खेपा झाल्या तर पचन होणार नाही, अपचन होईल. केबिनमधलं निळं पाणी तर पचवतही नाही. ते वास दाबतं आणि कुजणं लांबवतं, एवढंच.

“मोकळं रान आहे, पुरुषांचं काय एवढं!”

हे वाक्य शहरातले लोक बोलतात, गावातले नाही. देहूत डॉ. सु. वि. मापुसकरांनी शौचालयांसाठी आयुष्य घालवलं. गावातला डॉक्टर रोज जुलाबाचे तेच ते रोगी पाहतो, तर औषधाआधी संडास हवा, असा त्यांचा सरळ हिशेब. शौचालयाला बायोगॅस जोडून त्यावर चूल पेटवायची ‘मलप्रभा’ पद्धत त्यांनी घडवली. त्यांच्या निधनानंतर 2017मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एप्रिल 2018मध्ये ग्रामीण महाराष्ट्र, कागदावर तरी, हागणदारीमुक्त जाहीर झाला. आणि आपण पैठणी-शेरवानीतल्या पाहुण्यांना ज्याच्या बांधामागे पाठवतो, तो शेतकरी दुसऱ्या दिवशी तिथे खुरपणी करणार असतो.

पाहुण्यांपेक्षाही मला काळजी वाटते आचाऱ्याची. आचारी, वाढपी, मांडववाले, बँडवाले, गाड्यांचे ड्रायव्हर मिळून पन्नास-साठ माणसं सहज होतात, आणि आचारी तर आदल्या रात्रीच मुक्कामाला येतो. यजमानाच्या हिशेबात यांतलं कोणी नसतं. केबिन सकाळी येतात, पाहुण्यांसाठी, मांडवाच्या दर्शनी बाजूला. मग पहाटे आचारी ओढ्याकडे जातो, ओढ्यातच हात विसळतो आणि येऊन कोशिंबिरीला काकडी चोचवायला बसतो. लग्नानंतर अर्ध्या गावाला जुलाब झाले की दोष बासुंदीला देतात. गरम बासुंदी बिचारी उकळलेली असते. कोशिंबीर आणि मठ्ठा हाताने जातात.

म्हणून पहिली केबिन आदल्या संध्याकाळी, भटारखान्याच्या बाजूला. आणि तिच्याजवळ नळाचं पिंप व साबण. सॅनिटायझरची बाटली टांगून भागत नाही. मळलेल्या, तेलकट हातावर ते नीट चालत नाही आणि उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसला तर फारसं जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणी दोघांनाही पुरून उरतं.

“दिसायला नको, लांब ठेवा.”

लांब म्हणजे किती, हे आजीला विचारावं. अंधारात, ढेकळांतून, गुडघे धरून शंभर पावलं चालायची म्हणून ती दुपारपासून पाणीच पीत नाही. चाळीस-पन्नास पावलांवर ठेवावं, वाट सपाट आणि उजेडाची असावी, आणि मांडवाच्या वाऱ्याखालच्या बाजूला. निदान दोन केबिन कमोडच्या. व्हीलचेअरवरचं कोणी येणार असेल तर दार नव्वद सेंटिमीटर रुंद हवं. साध्या केबिनचं तेवढं नसतं, वेगळी मागावी लागते. आत पर्स अडकवायला एक हुक, पॅड टाकायला झाकणाचा डबा. नऊवारी नेसणाऱ्या करवल्यांसाठी फार्महाउसमधलं एक न्हाणीघर राखून ठेवलं तर त्या जन्मभर नाव काढतील.

आणखी एक, जागा ठरवताना सक्शन गाडी तिथवर पोचते का ते पाहावं. पाइप लांबवता येतो, पण खोल दरीतून मैला वर खेचता येत नाही. सात-आठ मीटरच्या पलीकडे कोणताही पंप ओढून वर आणू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये वळीव कोसळला की काळ्या मातीत गाडीचं चाक रुततं, म्हणून मुरूम टाकलेली वाट हवी.

लॉन बघायला जाल तेव्हा स्टेज, दिवे, पार्किंग सगळं पाहा आणि शेवटी मॅनेजरला एवढंच विचारा: सक्शन गाडी किती वाजता येणार आणि भरलेली गाडी रिकामी कुठे करणार? “ते बघून घेतो आम्ही” असं उत्तर आलं तर तो टँकर रात्री कोणत्यातरी ओढ्यावर उभा राहणार हे समजा. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं नाव आणि वेळ जो कागदावर लिहून देईल, विसाराचे पैसे त्यालाच द्या.