धाकट्या संघांचे धनी

डिसेंबर 1966. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड इंडियन्स या आइस हॉकी संघाने बर्फावर उतरायला नकार दिला. मालकाने तीन खेळाडूंना निलंबित केले होते आणि बाकीचा संघ त्यांच्या मागे उभा राहिला. हा मालक साधासुधा नव्हता. एडी शोर हा बोस्टन ब्रुइन्सचा दरारा असलेला बचावपटू. नॅशनल हॉकी लीगमधल्या (एनएचएल) सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारा हार्ट करंडक त्याने चार वेळा जिंकला होता. 1939 साली त्याने स्प्रिंगफील्डचा संघ विकत घेतला आणि मग तिथे त्याचाच शब्द कायदा झाला. सामन्यात जागा न मिळालेल्या खेळाडूंकडून तो खुर्च्या रंगवून घेई, त्यांना पॉपकॉर्न विकायला लावी. त्या काळी एनएचएलमध्ये सहाच संघ होते, म्हणजे जागा जेमतेम सव्वाशे. खालच्या लीगमध्ये ज्याच्या हाती तुमचा करार, त्याच्याच हाती तुमचे आयुष्य.

त्या संपात वाटाघाटी करायला अ‍ॅलन ईगलसन हा टोरंटोचा वकील पुढे आला. शोरला दैनंदिन कारभारातून बाजूला व्हावे लागले आणि 1967 च्या उन्हाळ्यात एनएचएल खेळाडूंची संघटना उभी राहिली. (हाच ईगलसन पुढे खेळाडूंच्याच पैशांतल्या गैरव्यवहारापायी तुरुंगात गेला.) त्याच वर्षी एनएचएलचे संघ सहाचे बारा झाले. नव्याने आलेल्या लॉस एंजेलिस किंग्जने शोरकडचे खेळाडू घेतले आणि स्प्रिंगफील्डचा संघ आपल्या हाताखाली आणला. संपात सामील असलेला ब्रायन किलरिया स्प्रिंगफील्डमध्ये वर्षानुवर्षे खेळला होता. किंग्जच्या इतिहासातला पहिला गोल त्याच्या नावावर आहे. स्प्रिंगफील्ड ज्या खालच्या लीगमध्ये खेळे, त्या अमेरिकन हॉकी लीगमधल्या (एएचएल) सर्वोत्तम बचावपटूला मात्र आजही एडी शोरच्याच नावाचा पुरस्कार दिला जातो.

मोठ्या क्लबांनी धाकटे संघ आपल्या मुठीत घेण्यामागचे एक कारण इथे दिसते. ज्याच्यावर उद्याची भिस्त, त्या पोराला भलत्याच्या हाती का सोपवायचे? माँट्रियलचा महाव्यवस्थापक फ्रँक सेल्की याने 1946 पासून हे ओळखून कॅनडाभर कुमार आणि दुय्यम संघांचे जाळे विणले होते. त्याच जाळ्यातून आलेल्या खेळाडूंच्या बळावर माँट्रियल कॅनेडियन्सने 1956 ते 1960 अशी सलग पाच वर्षे स्टॅन्ली कप हा एनएचएलचा करंडक जिंकला. 1963 मध्ये क्लबांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची पद्धत (ड्राफ्ट) सुरू झाली, कुमार संघ क्लबांच्या ताब्यातून हळूहळू सुटले, आणि खेळाडू घडवण्याचा भार एएचएलवर आला.

आज दोन्ही लीगमध्ये 32-32 संघ आहेत. एनएचएलच्या प्रत्येक क्लबला एकूण 50 खेळाडूंशी करार करता येतो, पण मुख्य संघात 23 जणच ठेवता येतात. उरलेल्यांपैकी बहुतेक जण धाकट्या संघात असतात. त्यांच्यातल्या अनेकांचे करार दुहेरी असतात: वर खेळले तर एक पगार, खाली खेळले तर त्याहून कितीतरी कमी. 2005 पासून पगारांवर एकूण मर्यादा आली आणि स्वस्तातला, घरीच तयार झालेला तरुण खेळाडू ही क्लबची खरी पुंजी ठरली. एएचएलचे नियमही याच कामासाठी आखलेले आहेत. सामन्याला उतरणाऱ्या 18 खेळाडूंपैकी (गोलरक्षक वगळून) किमान 13 जण नवखे असावे लागतात, म्हणजे त्यांनी ठरावीक संख्येपेक्षा जास्त व्यावसायिक सामने खेळलेले नसावेत. प्रेक्षक तिकीट काढतो ते आपला संघ जिंकावा म्हणून. क्लबसाठी तीच संध्याकाळ म्हणजे शिकवणी असते.

ही शिकवणी फळली की काय घडते, हे पिट्सबर्गने दाखवले. डिसेंबर 2015 मध्ये हंगाम भरकटत असताना पिट्सबर्ग पेंग्विन्सने विल्क्स-बॅरे/स्क्रँटन या स्वतःच्या धाकट्या संघाचा प्रशिक्षक माइक सलिव्हन याला वर आणले. त्याच्या हाताखाली खेळलेले गोलरक्षक मॅट मरे, ब्रायन रस्ट आणि कॉनर शीअरी हेही वर आले. नवा प्रशिक्षक पोरांना ओळखत होता आणि पोरांना त्याची खेळाची पद्धत आधीच पाठ होती. जून 2016 मध्ये स्टॅन्ली कप त्यांच्या हातात होता.

तरीही मालकीशिवाय हे जमत नाही, असे मी म्हणणार नाही. हर्शी बेअर्स हा संघ चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातला. 1938 पासून तो एएचएलमध्ये आहे आणि त्याची मालकी गावातल्याच कंपनीकडे आहे. 2005 पासून वॉशिंग्टनचे खेळाडू तिथे तयार होतात, आणि काल्डर कप हा लीगचा करंडक हर्शीने 13 वेळा जिंकला आहे. अशा करारात मोठा क्लब खेळाडू आणि प्रशिक्षक देतो, स्थानिक मालक तिकिटे विकतो आणि गाव सांभाळतो.

दोघांचे जमले नाही तर काय होते, ते शिकागोत दिसले. शिकागो वुल्व्ह्ज या स्वतंत्र मालकीच्या संघाने कॅरोलायनाच्या खेळाडूंसह 2022 मध्ये काल्डर कप जिंकला. मग वाद पेटला. मालकांना जिंकण्यासाठी अनुभवी खेळाडू हवे होते, क्लबला आपल्या तरुणांसाठी जागा हव्या होत्या. 2023-24 चा हंगाम वुल्व्ह्ज कोणत्याही क्लबच्या छत्राशिवाय खेळले आणि बाद फेरीपर्यंतही पोचले नाहीत. कॅरोलायनाची मुले त्या वर्षी इतरांच्या संघांत विखुरली गेली. 2024 मध्ये दोघे पुन्हा एकत्र आले. या भांडणात मला दोघांचेही म्हणणे पटते, आणि म्हणूनच मोठे क्लब एवढा पैसा ओतून संघ थेट विकत का घेतात, तेही कळते.

पण त्याची किंमत मोजतात गावे. न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरात 2001 पासून किंग्जचा धाकटा संघ होता, मोनार्क्स. 2014 साली दुसऱ्या जादा वेळेत गोल करून किंग्जला स्टॅन्ली कप मिळवून देणारा अ‍ॅलेक मार्टिनेझ याच संघातून वर गेलेला. जानेवारी 2015 मध्ये घोषणा झाली की एनएचएल क्लबांच्या मालकीचे पाच संघ पुढच्या हंगामात कॅलिफोर्नियाला हलणार. कारण समजण्यासारखे होते. लॉस एंजेलिसमध्ये कुणी जखमी झाला की बदली खेळाडूला अख्खा खंड ओलांडून यावे लागे. मोनार्क्स लॉस एंजेलिसच्या पूर्वेला असलेल्या ऑन्टॅरियो शहरात जाणार होते. हे सारे ठाऊक असताना मँचेस्टरने पुढचे पाच महिने सामने पाहिले आणि जूनमध्ये त्यांच्या संघाने युटिकाला अंतिम मालिकेत 4-1 असे हरवून काल्डर कप जिंकला. विजेता संघ निघून गेला. शहराला बदल्यात आणखी एक पायरी खालच्या लीगमधला संघ मिळाला, तोही 2019 मध्ये बंद पडला.

सगळ्यांत बोलका प्रवास कॅलगरीच्या संघाचा. 2009 मध्ये या एनएचएल क्लबने आपला धाकटा संघ ब्रिटिश कोलंबियातल्या अ‍ॅबट्सफर्डला आणला. हे शहर व्हँकूव्हरपासून साधारण 70 किलोमीटरवर. लोक व्हँकूव्हर कनक्सचे भक्त, आणि कॅलगरी त्यांचा जुना प्रतिस्पर्धी! प्रतिस्पर्ध्याच्या पोरांना टाळ्या वाजवायला कोण येणार? नगरपालिकेने मात्र संघाला ठरावीक उत्पन्नाची हमी देऊन ठेवली होती. तूट भरता भरता पालिका टेकीस आली आणि 2014 मध्ये 55 लाख डॉलर मोजून तिने करार मोडला. करदात्यांच्या पैशांवर दिलेली अशी हमी मला अक्षम्य वाटते. तो संघ ग्लेन्स फॉल्सला गेला, वर्षभरात तिथून स्टॉकटनला, आणि 2022 मध्ये शेवटी खुद्द कॅलगरीला.

अ‍ॅबट्सफर्डला 2021 मध्ये हवा तो संघ मिळाला. व्हँकूव्हरने आपला संघ युटिकाहून उचलून तिथे आणला. युटिकाची रिकामी जागा न्यू जर्सीने बिंगहॅम्टनहून आपला संघ हलवून भरली, म्हणजे पोकळी बिंगहॅम्टनमध्ये झाली. अ‍ॅबट्सफर्डमध्ये पंजाबी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि जवळच्याच सरे शहरात जन्मलेला अर्शदीप बैन्स या संघातून एनएचएलपर्यंत पोचला. आता खेळणारा मुलगाही आपला आणि तो जिथे जाणार तो क्लबही आपला. जून 2025 मध्ये अ‍ॅबट्सफर्डने काल्डर कप जिंकला. लॅटव्हियाचा गोलरक्षक आर्तुर्स शिलोव्स बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. जुलैमध्ये व्हँकूव्हरने त्याला पिट्सबर्गला देऊन टाकले.