वाढविलेली स्मृती आणि चुकलेला हिशेब

स्मरणशक्ती वाढविण्याची हौस माणसाला फार पुरातन आहे. ब्राह्मीचे तेल, शंखपुष्पीचा काढा, रात्री भिजवून सकाळी सोललेले बदाम, यांपैकी एक तरी प्रयोग परीक्षेच्या दिवसांत घरोघर होतोच. त्याचा फायदा होवो न होवो, तोटा सहसा होत नाही. बदाम खाऊ लागल्यापासून मुलगा पाठ असलेले पाढे विसरला, अशी तक्रार कोणत्याही आईने केलेली माझ्या कानी नाही.

लॅपटॉपचे मात्र तसे नाही. त्याची स्मृती, म्हणजे ज्याला दुकानात ‘रॅम’ म्हणतात ती मेमरीची पट्टी, वाढविल्यावर तो कधी कधी जास्त शहाणा होण्याऐवजी भ्रमिष्टासारखा वागू लागतो. चालता चालता थिजतो, निळा पडदा दाखवितो, आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आणि याहून वाईट म्हणजे काही वेळा तो थिजत नाही, बंदही पडत नाही. मुकाट्याने खोटे बोलतो. हे खोटे कसे पकडावे ते आज सांगावयाचे आहे, कारण आमच्या गावात या खोट्यापायी एका मुलीची अब्रू पणाला लागली होती.

चारशे रुपये कोणी प्याले?

आमचे गाव आष्टा, सांगलीपासून वीस-बावीस किलोमीटरवर, वाळवा तालुक्यात. मुलूख कृष्णेचा, पीक उसाचे आणि हळदीचे. नदीचे पाणी पंपाने उचलून शेतापर्यंत नेणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्था या भागात पुष्कळ आहेत. अशाच एका संस्थेत माझ्या धाकट्या भावाची मुलगी लेखनिक आहे. शेतकरी पाणीपट्टी भरतो, ती हाताने पावती फाडते, आणि तोच आकडा लॅपटॉपवर चढविते.

लॅपटॉप जुना, चार जीबी मेमरीचा. सकाळी सुरू केला तर चहा होईपर्यंत उघडत नसे. कार्यकारी मंडळाने ठराव करून सांगलीतील एका दुकानातून आठ जीबीची आणखी एक पट्टी बसवून आणली. पहिले आठ दिवस लॅपटॉप घोड्यासारखा धावला. नवव्या दिवशी दुपारी पडदा निळा झाला. मग हे रोजचेच झाले. एकजण म्हणाले, वीज कमीजास्त होते. दुसऱ्यांनी व्हायरसचे निदान केले. तिसऱ्यांनी सारा दोष उन्हाला दिला. लॅपटॉप पुन्हा सुरू होत होता, त्यामुळे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

मग एके दिवशी एक वयस्क शेतकरी हातात पावती घेऊन कचेरीत आले. पावती तेराशे चाळीसची, लॅपटॉपवर जमा मात्र सतराशे चाळीस. “बाई, पावतीवर तेराशे चाळीस आन् मशिनीत सतराशे चाळीस. मदलं चारशे रुपय प्यालं कोन?” असे त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारले.

पैसे जास्त जमा दिसत असल्याने त्या म्हाताऱ्या माणसाचे काहीच बुडत नव्हते. पण दिवसाअखेर रोकड चारशेने कमी भरली, आणि रोकड कमी भरली की बोट कोणाकडे जाते हे सांगावयास नको. मंडळातील एक सभासद म्हणाले, “यंत्र कशाला खोटं बोलेल? हात कुणाचा होता ते बघा.” पोरगी त्या संध्याकाळी माझ्याकडे आली. रडली नाही, पण आवाज कोरडा पडला होता. “आबा, मी तीनच दाबले होते. तीन आणि सात कळफलकावर शेजारी तरी आहेत का?”

मी जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकविले. तिचा हा प्रश्न मला पटला. तीन आणि सात कळफलकावर शेजारी नाहीत, हे खरेच. पण यंत्राच्या पोटात ते अगदी सख्खे शेजारी आहेत.

कड्यांपासून बादल्यांपर्यंत

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी एक मोठा संगणक बांधला. तो १९६० मध्ये कामास लागला आणि १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्याची स्मृती म्हणजे तारांत ओवलेली फेराइटची इवलीशी कडी. प्रत्येक कडे एका दिशेने चुंबकित झाले तर शून्य, उलट दिशेने झाले तर एक. २,०४८ शब्द आणि प्रत्येक शब्दात ४० अंक, म्हणजे सारी मिळून ८१,९२० स्थाने. वीज गेली तरी ही कडी आपले चुंबकत्व सोडीत नसत.

आजच्या आठ जीबीच्या पट्टीत अशी सुमारे ६,८७२ कोटी स्थाने असतात, टिफ्रॅकच्या आठ लाखांहून अधिक पट. ही किमया ज्या शोधाने झाली तो आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांचा. त्याचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. त्यांनी कड्याच्या जागी एक सूक्ष्म विद्युत-बादली ठेविली. बादलीत भार असला तर एक, नसला तर शून्य. फक्त ही बादली गळकी आहे. म्हणून यंत्राला प्रत्येक बादली पुन्हा पुन्हा भरावी लागते, आणि साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सोळाव्या हिश्श्याच्या आसपास, सगळ्या बादल्यांवरून एक फेरी पुरी होते. उष्णता वाढली की गळती वाढते. तेव्हा उन्हाला दोष देणारे ते गृहस्थ अगदीच चुकीचे नव्हते. ऊन हे मूळ कारण नसले तरी दुखणे वर काढण्यास ते पुरेसे असते.

आता या कोट्यवधी बादल्यांपैकी एक जरी जन्मतःच सदोष असली तर? समजा ती नेहमी भरलेलीच दिसते. यंत्राच्या भाषेत तीन म्हणजे ०११ आणि सात म्हणजे १११. पहिल्या शून्याच्या जागी ती सदोष बादली आली की तिनाचा सात होतो. त्याच बादलीत यंत्राची एखादी आज्ञा पडली तर पडदा निळा होतो, आणि काहीच महत्त्वाचे नसले तर काहीच होत नाही. लॅपटॉप आज बिघडतो, उद्या नीट चालतो आणि परवा पुन्हा बिघडतो, तो यामुळे.

हा दोष केवळ स्वस्तातल्या मालात असतो असेही नाही. १९७८ मध्ये इंटेल कंपनीच्या मे आणि वुड्स या दोघा शास्त्रज्ञांनी दाखविले की, चिपच्या वेष्टनात युरेनियम-थोरियमचा लवलेश असला तर त्यातून निघणारे कणही शून्याचा एक करू शकतात. २००९ मध्ये गूगलच्या संगणकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत शंभरांपैकी आठांहून अधिक पट्ट्यांत वर्षभरात निदान एक तरी चूक आढळली. मोठ्या संगणकांत अशी चूक ओळखून दुरुस्त करणारी जादा स्थाने असतात. त्यामागचे गणित बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडले. आपल्या घरच्या लॅपटॉपमध्ये ही पूर्ण सोय सहसा नसते, म्हणून राखण आपली आपणच करावयाची.

निदान कसे करावे?

वैद्य जसा एका वेळी एकच मात्रा देऊन परिणाम पाहतो, तसे येथे करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पट्टी काढली, विंडोज नव्याने टाकली आणि चार्जरही बदलला, तर गुण कशाने आला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पहिली गोष्ट, आपले कागद सुरक्षित करणे. पण त्यातही क्रम आहे. आधी नवी पट्टी काढावी, मग पेनड्राइव्हवर नक्कल करावी. सदोष मेमरीतून केलेली नक्कलही सदोष होऊ शकते. आणि जुनी नक्कल पुसून तिच्यावर नवी घेऊ नये.

दुसरी गोष्ट, पट्टी नीट बसली आहे का ते पाहणे. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघत असल्यास काढावी, आणि अंगातील स्थिर वीज जाण्यासाठी आधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा. पट्टी तिरपी घालून पूर्ण आत सरकवावी, मग खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. सोनेरी दातांना बोटे लावू नयेत. पुष्कळ रोग एवढ्यानेच बरे होतात.

तिसरी गोष्ट, जात जुळते का? मेमरीचे डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ असे वंश आहेत. एका वंशाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसतच नाही. पण डीडीआर-३ मध्ये १.५ व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची अशा दोन पोटजाती आहेत आणि त्या दिसावयास सारख्याच असतात. कमी दाबाचीच मागणी असलेल्या लॅपटॉपमध्ये जास्त दाबाची पट्टी बसते, पण नांदत नाही. आपला लॅपटॉप जास्तीत जास्त किती जीबी पेलतो, हेही त्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

चौथी आणि खरी कसोटी म्हणजे परीक्षा. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ नावाची तपासणी असते. तिच्याहून कडक म्हणजे ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हा फुकट मिळणारा कार्यक्रम. तो पेनड्राइव्हवरून सुरू होतो, मेमरीत ठरावीक नमुने लिहितो आणि तेच परत वाचता येतात का ते पाहतो. रात्रभर चालू द्यावा. या परीक्षेत पस्तीस गुणांना पास नाही. चुका शून्य असल्या तरच पट्टी उत्तीर्ण, एक जरी चूक निघाली तरी नापास.

चूक निघाल्यास दोष पट्टीचा की खाचेचा, हे ठरविण्यासाठी चार वेळा तपासावे. जुनी पट्टी एकटी पहिल्या खाचेत, मग दुसऱ्या खाचेत, नंतर नवी तशीच दोन्हींत. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी वाईट, खाचेपाशीच राहिला तर लॅपटॉपचे मुख्य मंडळ वाईट. दोन्ही एकेकट्या नीट, पण एकत्र आल्या की भांडतात, असे दिसले तर स्वभाव जुळत नाहीत. लॅपटॉपच्या कंपनीने बायॉसची नवी आवृत्ती दिली असल्यास ती घालून पाहावी, नाही तर एकसारख्या पट्ट्यांची जोडीच घ्यावी. आणि नवी पट्टी काढूनही लॅपटॉप बंद पडतच राहिला, तर दुखणे डिस्कचे, उष्णतेचे किंवा मधल्या काळात बिघडलेल्या विंडोजच्या फायलींचे असू शकते.

‘नऊ’च्या जागी ‘बरोबर’

आम्ही तेच केले. संस्थेच्या अध्यक्षांची परवानगी घेऊन दोन रात्री लॅपटॉप माझ्या घरी तपासणीला लावला. जुनी पट्टी दोन्ही खाचांत निर्दोष ठरली. नवी दोन्ही खाचांत नापास झाली, आणि प्रत्येक वेळी चूक एकाच स्थानाची निघाली. शून्य लिहावे आणि एक वाचावा, अशी.

मग पट्टी बसविल्यापासूनच्या तेवीस दिवसांच्या पावत्यांच्या स्थळप्रती घेऊन आम्ही दोघे बसलो. ती वाचीत होती, मी पडद्यावर पाहत होतो. तीन नोंदी चुकलेल्या निघाल्या. पहिली त्या चारशे रुपयांची. दुसरीत एका रकमेतील एकाचे पाच झाले होते. तिसरी पाहून मात्र मी खुर्चीवरून उठलोच. एका खातेक्रमांकात नऊच्या जागी चक्क ‘=’ हे चिन्ह उमटले होते! तो हिशेबाचा कार्यक्रम जुन्या पद्धतीचा, आकडे अक्षरांप्रमाणे साठविणारा. यंत्राच्या संकेतात नऊ आणि ‘=’ यांत नेमका तोच एक अंक वेगळा असतो, जो तीन आणि सातात वेगळा असतो, एक आणि पाचातही. तिन्ही चुकांवर एकाच सदोष बादलीची सही होती. चोरी करणारा माणूस खातेक्रमांकात ‘बरोबर’चे चिन्ह कशाला घालील?

त्या नोंदी, तपासणीचे छायाचित्र आणि स्थळप्रती, सारे मंडळाच्या सभेपुढे ठेविले. ‘हात कुणाचा होता’ म्हणणारे सभासद बराच वेळ त्या ‘=’कडे पाहत राहिले. मग तेच म्हणाले, “पोरीचा दोष नाही, हे नुसतं तोंडानं नको. इतिवृत्तात लिहा.” तसे लिहिले गेले. दुकानदाराने हमीचा कागद पाहून पट्टी बदलून दिली, आणि ती नवी पट्टीही रात्रभर परीक्षा दिल्यावाचून कचेरीत गेली नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या तेवीस दिवसांत संस्थेने पेनड्राइव्हवर घेतलेल्या नकलांतही त्याच तीन चुका होत्या. सत्य शिल्लक राहिले ते कार्बन घालून हाताने लिहिलेल्या पावतीपुस्तकात. कागद जुना झाला म्हणून तो रद्दीत घालण्याची घाई कोणी करू नये.

लक्ष्मीपूजनाला पुष्कळ घरांतून आणि दुकानांतून आता चोपड्यांशेजारी लॅपटॉपही चौरंगावर मांडतात, त्यालाही हळदकुंकू वाहतात. अवश्य वाहावे. मात्र वर्षात कधी त्याची मेमरी वाढविली असेल, तर पूजेच्या आदल्या रात्री त्याला तपासणीला लावून झोपावे. सकाळी पडद्यावर चुकांचे शून्य दिसले, की मगच नव्या वर्षाचा पहिला आकडा त्यात घालावा.