मुक्तिपत्र आणि सही

सेवकाच्या गुणाचे श्रेय धन्याच्या खाती जमा करण्याची जगाची रीत फार जुनी आहे. स्पेन देशातील चित्रकार हुआन दे पारेखा याचे चरित्र हा तिचा बोलका दाखला होय.

अंतेकेरा येथे सुमारे १६०८ साली जन्मलेला हा पुरुष राजचित्रकार वेलाथ्केथ याच्या चित्रशाळेत गुलाम म्हणून राबत असे. १६५० साली धन्याने रोम येथे त्याची तसबीर काढली. मार्चात ती पँथिऑन मंदिरात मांडली जाताच रसिकांनी तिची वाहवा केली. तसबिरीतील त्या मानी मुद्रेचा मनुष्य त्या क्षणी कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता होता!

पालोमिनो या चरित्रकाराने १७२४ साली अशी कथा छापली की, पारेखा चोरून चित्रे काढी. राजा चौथा फेलिपे याने त्यातील एक पाहिले, आणि असा गुणी मनुष्य गुलाम राहू नये असे सांगितले. कथा गोड खरी. परंतु दस्तऐवज निराळेच बोलतो. मुक्तिपत्र २३ नोव्हेंबर १६५० रोजी रोम येथे झाले, आणि त्यात अट होती की, पुढील चार वर्षे त्याने पळून जाऊ नये व गुन्हा करू नये. व्यवहारज्ञ वाचकांस यातील मर्म सांगणे नलगे. ज्यास औदार्य म्हणून गौरविले, ती वस्तुतः मुदतबंद सुटका होती.

पुढे १६६१ साली पारेख्याने 'संत मॅथ्यूस पाचारण' हे भव्य चित्र रंगविले. त्यात धन्याच्या शैलीची नक्कल नाही. रंग अधिक उजळ आहेत. डाव्या कडेस चित्रकार स्वतः उभा असून त्याच्या हातातील कागदावर त्याचे नाव आहे. ते चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

त्याची तसबीर १९७० साली लंडनच्या लिलावात ५० लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेली. मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने खुद्द त्याच्या कलेचे प्रदर्शन भरविले ते २०२३ साली. धन्याने काढलेल्या मुद्रेचे मोल प्रथम झाले, तिच्यामागील हाताचे मागाहून!

आमचे म्हणणे इतकेच की, स्वातंत्र्य हे गुणाचे बक्षीस नव्हे. पारेखा चित्रकार नसता तरीही त्याचा त्यावर तितकाच हक्क होता. आणि ज्यांच्या हातून आपल्या पेढीचा माल घडतो, त्यांचे नाव व मोबदला त्यांस देणे हा उपकार नसून देणे फेडणे होय, हे आमच्या वाचकांनी विसरू नये.