सशाचें दुखणें

गाय आजारी पडली तर काय करावें, हें कोंकणांतील कोणत्याहि जुन्या घरांत निदान दोन माणसांस तरी ठाऊक असतें. कुत्र्यामांजरांचीं दुखणींहि आतां अपरिचित राहिलीं नाहींत. परंतु ससा आजारी पडला म्हणजे घरांतील वडील माणसेंहि एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. गेल्या भाद्रपदांत आमच्या दापोलीच्या घरीं असाच प्रसंग आला. हल्लीं मुलांच्या हट्टास्तव पुष्कळ कुटुंबांतून ससे पाळले जातात, म्हणून त्या महिना-दीड महिन्यांत आम्हांस जें शिकावें लागलें तें येथें लिहून ठेवीत आहें.

आमच्या सशाचें नांव शशांक. हें नांव माझ्या नातीनें, ती इयत्ता दुसरींत असतांना ठेविलें. शशांक म्हणजे ससा नव्हे. ज्याच्या ठायीं शशाची खूण आहे तो चंद्र. हा बहुव्रीहि समास आहे, असें मीं तिला नीट समजावून सांगितलें. तिनें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "पण आजोबा, हाहि पांढराच आहे ना?" येथें व्याकरणाचा पराभव झाला.

नांवाविषयींची दुसरी एक गोष्ट मात्र उपचाराच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. पंचतंत्रांत सिंहाला विहिरींत उडी घ्यावयास लावणारा शश हा आपल्याकडील रानांतला ससा. तो उघड्यावर राहतो, आणि त्याचीं पिलें अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मास येतात. घरोघर पाळला जाणारा हा पांढरा ससा त्याचा सख्खा भाऊ नव्हे; त्याची जातच निराळी. त्याचें मूळ स्पेन-पोर्तुगालकडचें, आणि त्याचें घर जमिनीखालच्या थंड बिळांत. उकाडा त्याला मानवत नाहीं. पारा अठ्ठावीस-तीस अंशांपलीकडे गेला कीं तो कासावीस होतो. शिवाय इतरांचें भक्ष्य होऊन जगणाऱ्या प्राण्याचा स्वभाव असा कीं, दुखणें होतां होईल तों लपवावयाचें. दुखणेंकरी ससा रडत नाहीं, ओरडत नाहीं, तो फक्त कोपऱ्यांत गप्प बसतो, आणि आपण म्हणतों, "काय शहाणा आहे हो!"

आमचेंहि तसेंच झालें. गौरी-गणपतीस घर पाहुण्यांनीं भरलेलें. ससा म्हणजे मुलांस मोठें कौतुक. कोणी पोळीचा तुकडा, कोणी बिस्किट, कोणी मोदकाची कळी त्याच्यापुढें धरी. परंतु मुलांस दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. पावसाळ्यांत दाण्यांचा डबा सादळला होता. सूनबाईंनीं खवट व काळसर दाणे निवडून बाजूला काढून ठेविले होते. तेच दाणे फुकट जाऊं नयेत म्हणून मी रोज दुपारीं मूठभर सशास घालीत असें. हा क्रम दोन-अडीच आठवडे चालला.

त्या अवधींत नात एक-दोनदां म्हणाली होती कीं, शशांकाचें पाण्याचें भांडें आतां दिवसांतून दोनदां रिकामें होतें. आम्हीं तें उष्म्यावर घातलें. अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों रात्रीचें गवत जसेंच्या तसें पडलेलें. लेंड्या एरवीं ओंजळभर पडत, त्या आठ-दहाच, त्याहि बारीक. पाठीला पोंक काढून तो बसलेला, आणि जवळ कान नेल्यावर दांत करकर चावल्याचा आवाज. पिंजऱ्यांत तांबूस मूत्र पाहून सौ. घाबरली. तें रक्त नव्हतें, हें पुढें कळलें. सशाचें मूत्र पिवळें, नारिंगी किंवा विटकरी, गढूळहि असूं शकतें. अन्नांतील व शरीरांतील रंगद्रव्यांमुळें तसें होतें. रक्त आहे कीं नाहीं हें डॉक्टरांजवळच्या कागदी पट्टीनें क्षणांत ठरतें.

आमच्या मंडळींचें मत "आजचा दिवस वाट पाहूं" असें पडलें. घरच्या औषधांच्या पेटींतील ॲमॉक्सिसिलिनची अर्धी गोळी पाण्यांतून द्यावी, असेंहि एका पाहुण्यांनीं सुचविलें. सुदैवानें सूनबाईंनीं आधीं येथील पशुवैद्यांस दूरध्वनि केला. त्यांचें पहिलें वाक्य असें, "ती गोळी देऊं नका, आणि वाट पाहूं नका." पेनिसिलिनच्या कुळांतील औषधें सशाच्या तोंडावाटे गेलीं कीं आंतड्यांतील उपकारक जंतु मरतात, विषारी जंतु माजतात, व ससा त्यानेंच दगावतो. माणसास जें तारतें तें सशास मारतें, याचें याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाहीं. कुत्र्यांच्या पिसवांवर लावण्याचें फिप्रोनिल हें औषधहि सशास असेंच घातक आहे.

पशुवैद्य तरुण; त्यांचा बहुतेक दिवस गाई, म्हशी व शेळ्या यांत जातो, आणि तसें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें. परंतु त्यांनीं जें समजावून दिलें तें इतकें स्पष्ट होतें कीं, मी अद्याप शिकवीत असतों तर वर्गांत तसेंच्या तसें सांगितलें असतें. सशाचें आंतडें सतत चालतें राहिलें पाहिजे. त्याला ओकारी होऊं शकत नाहीं. म्हणजे आंत गेलेलें एकाच मार्गानें बाहेर पडावयाचें. बारा ते चोवीस तास पोटांत कांहीं गेलें नाहीं तर आंतडें थबकतें, वायु धरतो, दुखूं लागतें, आणि दुखतें म्हणून तो आणखी खात नाहीं. मग शरीर आपली चरबी मोडावयास काढतें. ती यकृतांत येऊन साचते, आणि यकृत निकामी होऊं लागतें. लठ्ठ सशांत हें फार लवकर होतें. तेव्हां यकृत बिघडलें म्हणून ससा खाईना, कीं खाईना म्हणून यकृत बिघडलें, हा बीजांकुरन्याय होऊन बसतो.

कानाच्या कडेच्या शिरेंतून रक्त घेतलें. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं उत्तर आलें: यूरिया व क्रिएटिनिन वाढलेलें, म्हणजे मूत्रपिंडाविषयीं संशय, यकृताचे दर्शक अंकहि वाढलेले, म्हणजे तेथेंहि संशय. मी हताश झालों. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हा केवळ संशय आहे. निदान नव्हे." शरीरांतील पाणी आटलें तरी हे मूत्रपिंडाचे अंक चढतात; म्हणून आधीं पाणी भरून काढावें, मग पुन्हां पाहावें, आणि मूत्र दाट आहे कीं पातळ तेंहि मोजावें. रक्त आटलें असतां निरोगी मूत्रपिंड मूत्र दाट करतें. तें पातळच राहिलें तर मात्र दोष मूत्रपिंडाचा. यकृताच्या अंकांतील एक अंक तर ससा धरतांना धडपडला तरी स्नायूंमुळें वाढतो. ज्यांस रक्ततपासणीचे आंकडे म्हणजे ब्रह्मवाक्य वाटतें त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

एक भीति मात्र उरली होती. सशाच्या यकृताचा एखादा खंड क्वचित् स्वतःभोंवतीं पिळला जातो. तेव्हां शस्त्रक्रियेवांचून बहुधा गत्यंतर नसतें. तें पाहण्यास सोनोग्राफी हवी, आणि सशाची सोनोग्राफी वाचणारा जाणता हवा. त्यासाठीं मुंबई गांठणें भाग होतें. येथें घरांत वाद झाला. आमचे दादा म्हणाले, "अरे, जितक्याला ससा आला त्याच्या दसपट त्याच्या गाडीभाड्याला!" हिशेब चुकीचा नव्हता. मी गप्प राहिलों. सौ. हळूच म्हणाली, "दाणे आपणच घातलेत ना?" दुसऱ्या दिवशीं पहाटे मी व सूनबाई टोपलींत गवत व ससा घेऊन मोटारीनें खेडास गेलों आणि तेथून आगगाडीनें मुंबईस.

यकृताचा पीळ नव्हता, ही पहिली वार्ता. यकृत मोठें झालेलें व चरबीनें भरल्यासारखें दिसलें. मूत्रपिंडें किंचित् लहान व ओबडधोबड, मूत्राशयांत गाळ. त्या गाळाचें कारण मला विशेष बोधप्रद वाटलें. बहुतेक प्राण्यांचें आंतडें कॅल्शियम गरजेपुरतेंच शोषून घेतें. ससा मात्र अन्नांत असेल त्या मानानें तें शोषून घेतो, आणि जास्तीचें मूत्रावाटे टाकतो. म्हणून त्याच्या मूत्रपिंडावर आहाराचा भार थेट पडतो. आम्ही पौष्टिक म्हणून शेवग्याचा पाला व लसूणघास वर्षानुवर्षें घालीत होतों. दोहोंतहि कॅल्शियम विपुल! लसूणघास वाढत्या पिलांस ठीक, पोक्त सशास नव्हे.

मूत्रपिंडाचें दुसरें संभाव्य कारण म्हणून डॉक्टरांनीं एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली या सूक्ष्म परोपजीवीचें नांव घेतलें. तो बाधित सशाच्या मूत्रांतून पसरतो. मूत्रपिंड, मेंदु व डोळे यांत घर करतो, आणि कित्येक सशांची मान त्यामुळें एका बाजूस कलते. रक्तांतील तपासणी होकारार्थी आली; परंतु पुष्कळ धडधाकट सशांतहि ती तशीच येते. तेव्हां "संसर्ग कधीं तरी झाला होता" एवढाच तिचा अर्थ. तरीहि फेनबेंडाझोल हें औषध अठ्ठावीस दिवस देण्याचें ठरलें.

दाण्यांविषयीं मीं स्वतःच विचारलें. दमट हवेंत भुईमूग व मका यांवर धरणाऱ्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष होतें, तें यकृतावर घाव घालतें, आणि ससा त्यास फार नाजूक आहे. हें विष उजेडांत आलें तेंच मुळीं मुक्या जिवांच्या मरणानें: १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, आणि शोध घेतां ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडेंत तें सांपडलें. आमच्या सशाच्या बाबतींत दाणेच कारण झाले असें सिद्ध करतां येणार नाहीं, असें डॉक्टर म्हणाले. त्यांचा हेतु माझें समाधान करण्याचा असावा.

खरी परीक्षा घरीं परतल्यावर झाली. दर तीन-चार तासांनीं, रात्रींहि, भिजवून पातळ केलेलें खाद्य सुई काढलेल्या पिचकारीनें द्यावयाचें. दांतांमागील फटींत, बाजूनें, थोडथोडें, त्याला गिळूं देत. उताणा धरून कदापि नाहीं. घास श्वासनलिकेंत जातो. पोट फुगून घट्ट झालें असेल तर डॉक्टरांस विचारल्याशिवाय मुळींच भरवूं नये, अशी ताकीद होती. खांद्यांमधील सैल कातडीखालीं सलाइन देण्याचें काम सूनबाई शिकल्या. मला सुई पाहवत नाहीं. सकाळीं स्वयंपाकघरांतील तराजूवर वजन. दुखण्यापूर्वीं तें एक किलो नऊशें ग्रॅम होतें. सातव्या दिवशीं एक किलो सहाशें चाळीस झालें. त्या दिवशीं आमच्या घरीं कोणी फारसें बोललें नाहीं.

याच सुमारास एका स्नेह्यांनीं पुनर्नवेचा काढा सुचविला. पुनर्नवेविषयीं मला आदर आहे. परंतु आपल्या वैद्यकग्रंथांत ससा आला आहे तो मांसवर्गांत, पथ्यकर मांस म्हणून. रोगी म्हणून नव्हे. शालिहोत्रानें अश्वांचा विचार केला, पालकाप्यानें हत्तींचा. दोन किलोच्या सशाची मात्रा मी अनुमानानें ठरवूं लागलों असतों तर तो दाण्यांचाच दुसरा अध्याय झाला असता.

नवव्या दिवशीं पहाटे माझी पाळी होती. टोपलीशेजारीं देवपूजेसाठीं आणलेली दूर्वांची जुडी पडली होती. मी पिचकारी भरीत असतां मागें बारीक कुरतडण्याचा आवाज आला. वळून पाहिलें तों जुडी निम्मी झालेली. त्या दिवशीं गणपतीला दूर्वा उशिरा मिळाल्या, आणि दादांनींच त्या बागेंतून खुडून आणल्या.

आतां आहार सगळा बदलला आहे. मुख्य अन्न गवत, ताजें व वाळलेलें. सशाचे दांत जन्मभर वाढतात, ते गवतानेंच झिजतात. जोडीला कोथिंबिरीसारखा थोडा पाला, धुवून तसाच ओला, म्हणजे पाणी आपोआप पोटांत जातें. पालक क्वचित्; पोळी, बिस्किट, दाणे, मका वर्ज्य. गाजरहि गोड म्हणून नखाएवढेंच. किलोमागें पन्नास ते दीडशें मिलिलिटर पाणी ससा दिवसाला पितो. याहून फार अधिक किंवा फार कमी झालें तर दखल घ्यावयाची. आमच्याकडे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळें वाळलेलें गवत आषाढ-श्रावणांत टिकविणें हेंच सर्वांत कठीण काम. दसऱ्यानंतर कापलेलें गवत कडक वाळवून माळ्यावर, जमिनीपासून उंच ठेवितों. वास घेऊन पाहतों, आणि कुबट वाटली ती पेंढी सरळ खतांत टाकतों.

पुन्हां केलेल्या तपासणींत यकृताचे अंक उतरले. यूरिया उतरला. क्रिएटिनिन थोडें चढेंच आहे, आणि मूत्र अजून पातळ. म्हणजे मूत्रपिंडाचा जो भाग गेला तो गेला, उरलेला सांभाळावयाचा. दर तीन महिन्यांनीं रक्त पाहावें असें डॉक्टरांचें सांगणें आहे. वजन एक किलो आठशें साठ झालें आहे. रोजच्या पाण्याचा व वजनाचा आंकडा नात माझ्या जुन्या हजेरीपटांत लिहिते. एकाहि दिवसाचा रकाना कोरा नाहीं. दाण्यांचा डबा सूनबाईंनीं अगदीं वरच्या फळीवर नेऊन ठेविला आहे. तेथें माझा हात पोंचत नाहीं.