उंच ऊस, विजेच्या तारा आणि ड्रोनची फवारणी

पाथरी तालुक्यात पैठणच्या डाव्या कालव्याचे व विहिरींचे पाणी शिवारात फिरले, तसे कृषिपंपांसाठी विजेचे खांबही बांधोबांधी उभे राहिले. आता त्याच शिवारावर औषध फवारणारे ड्रोन उडू लागले आहेत. २०२१ साली ड्रोन नियम लागू झाले आणि २०२३ साली महिला बचत गटांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर झाली. तेव्हापासून या यंत्राचा प्रसार वाढला आहे.

११ हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार शेतात जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच असावी, असा नियम आहे. फवारताना ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून दोन-तीन मीटर वर असतो. कपाशी मीटरभर उंच असली, तर तो तारेखालून जेमतेम निसटतो. ऊस तीन मीटर वाढला, की तोच ड्रोन पाच-सहा मीटरवर, नेमका तारेच्या पातळीला येतो. यास्तव कपाशीवर निर्वेध काम झाले, या भरवशावर उसावर उड्डाण करू नये. शिवाय काळ्या जमिनीत खांब कलतात, ताण सैल होतात आणि तारा झोळ खातात.

बारीक तार दुरून दिसत नाही. यंत्रावरील अडथळे ओळखणारे साधनही तिला चुकते. म्हणून तार न शोधता खांब शोधावेत, व एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत तार आहे असे धरूनच चालावे. आकडे टाकून ओढलेल्या तारा तर कोणत्याच नकाशावर नसतात. त्यांची माहिती शेतमालकाने आधी स्पष्ट सांगावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उड्डाणापूर्वी शेताला पायी फेरी घालावी. फेऱ्या तारेला समांतर आखाव्यात. तारेलगतचा पट्टा सोडून द्यावा. तेथे पाठीवरील पंप वापरावा, मात्र त्याची नळी उंच धरू नये. चालकाला दूरच्या तारेचे अंतर कळत नाही, म्हणून त्या बाजूस, पण तारेपासून दूर, एक जाणता सहकारी उभा करावा.

संपर्क तुटल्यास ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवर चढून सरळ रेषेत माघारी येतो. ही उंची सर्वांत वरच्या तारेहून पुरेशी अधिक ठेवावी, आणि उड्डाणाची जागा अशी निवडावी की परतीच्या वाटेत तार येणार नाही.

एवढे करूनही ड्रोन तारेत अडकला, तर बांबूने ओढण्याचा मोह अनेकांना होतो. ओला बांबू वीज वाहतो. यंत्र कितीही मोलाचे असो, त्याला व तुटलेल्या तारेला कोणी हात लावू नये. माणसे व जनावरे दूर न्यावीत, १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवावे, आणि वीज बंद केल्याचे त्यांच्या कर्मचाऱ्याने समक्ष सांगेपर्यंत शेतात पाऊल टाकू नये.