नव्या पिस्तुलाचा ठिपका विझलेला दिसला तर

● अमेरिकेत मिळणाऱ्या अनेक पिस्तुलांच्या नाइट साइटमध्ये (अंधारात नेम धरण्याच्या खुणांमध्ये) तीन हिरवे ठिपके असतात: मागे दोन, पुढे एक.

● प्रत्येक ठिपका म्हणजे ट्रिटियम वायू भरलेली काचेची इवलीशी नळी. आतला फॉस्फरचा थर ट्रिटियमच्या किरणोत्सारामुळे उजळतो. बॅटरी लागत नाही.

● ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे 12.3 वर्षे. म्हणून नव्या साइटचा एकच ठिपका मंद असेल, तर नळी तडकून वायू गळाल्याची शंका घ्यावी.

● तपासण्याआधी मॅगझीन काढा, चेंबर रिकामे असल्याची खात्री करा. मग अंधारात डोळे सरावू द्या.

● नळी उकरू नका, साइट कचऱ्यात टाकू नका. बदलून घेण्यासाठी थेट उत्पादकाशी संपर्क साधा.