विश्लेषण : महाराष्ट्राचे सौंदर्य फक्त हिरवेच आहे का? ‘पडीक’ सडे आणि माळ का जपायचे?

पावसाळा आला की घाटरस्ते, धबधबे आणि धुक्याचे व्हिडीओ मोबाइलवर फिरू लागतात. नोव्हेंबर उजाडला की ते थांबतात. जणू महाराष्ट्र चारच महिने सुंदर असतो आणि तोही घाटमाथ्यावरच. प्रत्यक्षात आपल्या राज्याचे मोठे क्षेत्र खडकाळ सडे, गवताळ माळ आणि काटेरी झुडपांचे आहे. ते ‘ओसाड’ दिसते, म्हणून त्याच्या जाण्याची बातमीही होत नाही. एकट्या सातारा जिल्ह्यावर नजर टाकली तरी हा गैरसमज दूर होतो.

एकाच जिल्ह्यात इतका फरक कसा?

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. नकाशावर सरळ रेषेत मोजले, तर महाबळेश्वर आणि दहिवडी यांच्यातील अंतर १०० किलोमीटरही भरत नाही.

याचे कारण सह्याद्री. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर कोसळतात. पूर्वेकडे उतरताना ते उबदार आणि कोरडे होत जातात. त्यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. म्हणून एकाच जिल्ह्यात पश्चिमेला कोयनेचे सदाहरित जंगल, मध्ये कृष्णाकाठची काळी जमीन आणि पूर्वेला माणदेशाचा मुरमाड माळ दिसतो.

या सगळ्याच्या खाली मात्र एकच खडक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. राज्याचा जवळपास चार पंचमांश भाग याच खडकाचा आहे. घाटात डोंगरउतारावर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे ते थर. पाचगणी आणि महाबळेश्वर येथील या खडकरचनेचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला.

कासच्या सड्यावर फुले येतात, झाडे का नाहीत?

उष्ण, दमट हवामानात पावसाने बेसाल्टमधील सिलिका वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. त्यातून तयार झाला लालसर जांभा. कास पठाराचा माथा याच जांभ्याचा आहे. त्यावर मातीचा थर इतका पातळ की मोठ्या झाडाची मुळे रुजत नाहीत. पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात खडक तापतो.

अशा टोकाच्या परिस्थितीत टिकणाऱ्या वनस्पतीच येथे राहिल्या. ‘सीतेची आसवे’ हे निळे-जांभळे नाजूक फूल त्यांपैकीच एक. मातीतून पुरेसे पोषण मिळत नाही, म्हणून ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून खाते. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. कासवर ८५०हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जी ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात कास आहे. राज्यातील कोयना, चांदोली आणि राधानगरी ही अन्य तीन ठिकाणे.

सड्याचे काम फुलांपुरतेच नाही. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांतून बाहेर येते. सातारा शहराला पाणी देणारा कास तलाव याच परिसरात आहे.

मग माणदेशाच्या माळात काय आहे?

दिवाळीनंतर येथे गवत सोनेरी होते. कुसळी, मारवेल, पवन्या अशा गवतांवर मेंढ्या चरतात. लांडगा, खोकड आणि ससा यांचे हे घर. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्यांसारखे शिकारी पक्षी येतात आणि जमिनीलगत घिरट्या घालतात. चंडोल आणि धाविक तर उघड्या जमिनीवरच घरटी करतात. येथे दाट झाडी आली तर या पक्ष्यांना जागा उरणार नाही.

माणसांचे जगणेही याच माळाशी बांधलेले आहे. धनगर कुटुंबे पाऊसमानानुसार कळप घेऊन फिरतात. वाटेत शेतकरी शेतात मेंढरे बसवून घेतात आणि जमिनीला खत मिळते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ याच माणदेशी माळावर घडते.

‘पडीक’ या शब्दाने काय बिघडते?

सातबाऱ्यावर लागवडीला न येणारे क्षेत्र ‘पोटखराबा’ म्हणून नोंदले जाते. महसुलाच्या हिशेबात ते बरोबरच आहे. पण देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही झुडपी आणि खडकाळ क्षेत्रे ‘पडीक’ गटात येतात. एकदा जमीन निरुपयोगी ठरली की तेथे खाण, रस्ता, भूखंड किंवा प्रकल्प आणताना आपण काही गमावतो आहोत असे वाटतच नाही.

याच जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या आहेत. भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा तेथील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी आणि सरडे जास्त असल्याचे त्यात आढळले. पवनऊर्जा नको, असा याचा अर्थ नाही. मोकळ्या दिसणाऱ्या पठारावरही एक साखळी असते आणि जागा निवडताना ती मोजायला हवी, एवढाच याचा अर्थ.

माळावर झाडे लावणे चांगलेच ना?

प्रत्येक ठिकाणी नाही. सावली पडली की उन्हात वाढणारे गवत हटते. गवताबरोबर मेंढरांचा चारा जातो आणि माळावरचे पक्षीही जातात. गवताळ प्रदेश कार्बनचा मोठा साठा मुळांत आणि मातीत ठेवतात. तो वरून दिसत नाही. उजाड झालेल्या डोंगरउतारावर स्थानिक झाडे जरूर लावावीत, पण जिवंत माळावर खड्डे खोदण्याआधी तेथे काय आहे हे पाहावे.

आपण काय करू शकतो?

कासला जाताना फुलांत शिरून छायाचित्रे काढू नयेत. पातळ मातीवर पडलेले पाऊल बी आणि कंद दोन्ही चिरडते. आणि एखादी हिवाळी सकाळ माळासाठी ठेवावी. शेजारच्या पुणे जिल्ह्यात इंदापूर-बारामती भागात वन विभागाची गवताळ सफारी आहे. सोलापूरजवळ नान्नज, अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरी येथे काळवीट दिसतात. गाडी वाटेवरच ठेवावी, गवतात घालू नये.

ज्या गावात माळ किंवा सडा आहे, तेथील ग्रामपंचायतीला आपल्या जैवविविधता नोंदवहीत त्यावरील गवत, फुले आणि पक्ष्यांची नोंद करता येते. उद्या त्या जागेबाबत निर्णय होताना ‘येथे काहीच नव्हते’ असे मग कुणाला म्हणता येणार नाही.